माप

उद्यमनगरातल्या शेडमध्ये
चौदा वर्षं माझ्या हातात व्हर्नियर.
एक सूत इकडचं तिकडं झालं
की अख्खा लॉट परत येतो, हे पाठ.
म्हणून रिपोर्ट हातात आला तेव्हा
मी आधी आकडाच वाचला:
पांढऱ्या पेशी, एक लाख ब्याऐंशी हजार.
म्हटलं, छापायला चुकलं असंल.
एखादं शून्य जास्त पडलं असंल.

डॉक्टरीणबाई वयानं लहान,
टेबलावरची पेन्सिल सरळ करत राहिल्या.
हिरड्यांतनं रक्त कधीपासनं?
दिवाळीपासनं.
आणि नडगीवरचे हे काळेनिळे डाग?
जॉब लागला असंल. शेडमध्ये लागतंच.
मग त्यांनी तो शब्द उच्चारला.
रेश्माच्या मांडीवर माझं हेल्मेट होतं.
ती त्याच्या काचेवरची धूळ पुसायला लागली
पदरानं,
आणि काच स्वच्छ झाली तरी थांबली नाही.

घरी जायचं सोडून गाडी रंकाळ्याकडं का वळवली,
सांगता येत नाही.
भेळवाल्यानं विचारलं, तिखट किती?
रेश्मा म्हणाली, नेहमीसारखं.
त्या एका शब्दानं मी कोसळलो,
कागदाच्या पुडीत तोंड घालून.
भेळवाल्याला वाटलं मिरची लागली,
त्यानं पाणी दिलं. वर चुरमुरेही टाकले.

दिलावर मुजावर माझ्या शेजारच्या लेथवर.
त्याला सांगितलं तर तो काही बोलला नाही,
मशीन बंद केलं फक्त.
चालू जॉब अर्धा टाकून
आमच्यात कोणी मशीन बंद करत नाही.

प्लेटलेट आठ हजार.
पिवळसर पिशवी, काहिलीतल्या रसासारखी,
पाच दिवसांच्या वर टिकत नाही.
पेठेच्या टीमची नऊ पोरं आली रक्तपेढीत, जर्सी घालून,
जणू फायनल आहे.
चार परत पाठवली.
एकाच्या दंडावर नवाकोरा टॅटू,
दोघांनी रात्री कुणाच्या तरी हळदीत घेतलेली,
एकाचं वजनच भरंना.
पायऱ्यांवर बसली, पेनल्टी चुकल्यासारखी.
सहावी पिशवी दिली इंद्रजित सासनेनं,
समोरच्या पेठेचा बॅक,
ज्यानं माझा डावा गुडघा कायमचा फोडला.
दीड तास यंत्राला हात जोडून पडून होता.
जाताना दारात मास्क लावून म्हणाला,
गुडघ्याचा हिशोब राहिलाय भावा.
हे वेगळ्या खात्यात लिही.

शेजारच्या पलंगावर मुरगूडच्या अक्काताई चौगुले,
अंगणवाडीत मदतनीस होत्या, तिसरी खेप त्यांची.
सलाईन चालू झालं की तोंडात बर्फ ठेव, म्हणाल्या,
फोड कमी येतात.
केस गळायची वाट बघू नकोस, आधीच काप,
उशीवर बघवत नाहीत.
आणि आकडा रोज विचारू नकोस.
एक दिवसाआड विचार.
मधला दिवस आपला.

मला हे जमत नव्हतं.
मोजणं हाच माझा धंदा.
रात्री झोप नसली की
अंगठा आणि बोट यांत चादरीची कड धरून
जाडी बघत बसायचो.

त्या घरी गेल्या गुरुवारी.
बर्फाचा थर्मास माझ्याकडं ठेवून गेल्या,
परत द्यायला ये म्हणाल्या, स्वतः.

दिलावर पहाटे गंगावेशीत जातो,
दूध कट्ट्यावर म्हशीखाली किटली धरतो.
लहानपणापासनं तिथला फेस माझ्या ओठांवर.
आता कच्चं काही चालत नाही,
रेश्मा तीनदा उकळते,
साय करपते, वास जातो.
मी पितो. चव लोखंडाची लागते.
दिलावर काचेपलीकडनं बघत उभा,
हातवारे करून विचारतो, कसंय?
मी अंगठा दाखवतो.
खोटं आहे, त्याला कळतं.
तरी रोज आणतो.

आज मंगळवार.
नर्स रक्त घेऊन गेली.
रिपोर्ट तासाभरात येईल.
उद्या विचारीन.